उभी होडी

२८ सप्टेंबर २००९, दसरा

आज विळे, खुरपी, दादाची मोटारसायकल आणि ब्रिगिटचा बोर्ड, सगळ्यांना एकाच ताम्हनातलं हळदीकुंकू लागलं. आईने बोर्डावर फूल ठेवलं आणि विचारलं, "ह्याचं तोंड कुठलं गं?" मी टोक दाखवलं. तिने वाकून टोकाला नमस्कार केला.

ब्रिगिट म्हणजे चाकणच्या एका कंपनीत दोन वर्षांसाठी आलेली जर्मन इंजिनियर. पुण्यात मी बायकांच्या बॅचला पोहायला शिकवायचे, तिथे ती रोज यायची. हा बोर्ड तिचा. माणसाच्या दीडपट लांब, फळीसारखा सपाट, पण उचलायला हलका. त्याच्यावर सरळ उभं राहायचं आणि एकच लांब वल्हं दोन्ही हातांनी मारत जायचं. मुळशीला तिने मला शिकवलं. परत जाताना म्हणाली, एवढं मोठं विमानातून कुठे नेऊ, तूच ठेव. त्याच महिन्यात आमचा तलाव दुरुस्तीला बंद झाला आणि आम्हाला घरी पाठवलं. नोकरी गेली, बोर्ड आला. टेम्पोवर बांधून न्हावऱ्याच्या पुढे आमच्या वस्तीवर उतरवला तर लोक म्हणाले, धनश्रीनं पुण्यास्नं दार आणलं.

आईला वाटतंय मी लग्नासाठीच परत आले. वाटू दे. वस्तीच्या खाली घोडच्या धरणाचं पाणी तुडुंब पसरलंय आणि त्याच्यावर कपडे धुण्यापलीकडे कुणी काही करत नाही.

४ ऑक्टोबर, रविवार

आज पाण्यात उतरले. काठावरच्या बायकांचे धुणी आपटणारे हात थांबले. म्हस्कू आबा जाळं ओढत होते. ते ओरडले, "आगं, होडीत बसत्यात! हुबी कशाला ऱ्हायलीस?" तेव्हापासून नाव पडलं, उभी होडी.

प्रगतीला पण चढवलं. ती दहावीपर्यंत माझ्या बाकावर बसायची, आता पलीकडच्या वस्तीवर नांदते. पोहायला येत नाही, पण भीतीही नाही. आधी गुडघ्यावर बसली, मग लटपटत उभी राहिली आणि अशी हसायला लागली की हसण्यानेच पडली. पदर, केस, सगळं ओलं. म्हणाली, "सासूला काय सांगू? पाय घसरला म्हणती."

आण्णा बांधावर उभं राहून सगळं बघत होते. माझे वडीलच ते, मला त्यांनीच विहिरीत पोहायला शिकवलंय, पाठीला सुका भोपळा बांधून. मेंढरं घेऊन कोकणात जाताना त्यांनी किती नद्या ओलांडल्या असतील. मी काठाला आले तर बोर्ड धरायला गुडघाभर पाण्यात आले.

दादा रांजणगावच्या कंपनीतून आला तो थेट पाण्यावरच. कपडेही बदलले नाहीत. बराच वेळ बघून म्हणाला, "ह्यात धंदा हाय, धने. पुण्याची लोकं हुरडा खायला येत्यात, चुलीवरचं जेवायला येत्यात. ह्ये तर त्यांनी पिच्चरमधी बी बघितलं नसंल. सामान तू निवड. माणसं, परवानगी, खरेदी मी बघतो."

बिरदेव दादा असा पटकन माझ्या बाजूने आजवर कधी उभा राहिला नव्हता. आनंदाने जेवणच गेलं नाही.

९ ऑक्टोबर

आण्णांनी उरलेली मेंढरं विकली. मी नको म्हणत होते. म्हणाले, "मेंढरामागं आता कोण फिरणार हाय? तू का बिरदेव?" गाडीत चढताना एक मेंढी माघारी वळली, तिला त्यांनी स्वतः उचलून ठेवली. माझी पुण्यातली शिल्लक त्यात घातली.

दादाबरोबर भोसरीला गेले. तिथे एक फायबरवाला रिक्षाची हुडं आणि छोट्या होड्या बनवतो. ब्रिगिटचा बोर्ड दाखवून तसे चार करायला सांगितले, पण तसेच नकोत. ब्रिगिटचा अरुंद आहे, वेगाने जातो, नव्या माणसाला लगेच पाडतो. आपले लोक पहिल्यांदाच उभे राहणार. त्यांना रुंद आणि जाड पाहिजे, पुढचं टोक बोथट. वर मधोमध खरखरीत रबर, नाहीतर ओल्या पायाने घसरतात. मध्यावर एक मूठ, उचलायला.

वल्ह्यावर वाद झाला. दादा म्हणाला बांबू लाव, फुकटात होतंय. बांबू पाणी पितो, दुपारपर्यंत खांदे भरून येतात. मी ॲल्युमिनियमची पोकळ नळी सांगितली, आत सरकणारी, भोकं पाडून खिळीने अडकवायची. वल्हं माणसाच्या उंचीपेक्षा वीतभर जास्त लागतं. कुणी प्रगतीएवढी, कुणी ताडमाड. एकाच वल्ह्यात सगळे बसले पाहिजेत. आणि पातं किंचित वाकडं असतं, ते वाकण पुढे ठेवायचं. नवा माणूस हमखास उलटं धरतो.

दादाने माझं हे सगळं बोलणं मोबाइलवर शूट केलं. म्हणाला, पुढे कामाला पोरं ठेवली तर त्यांना दाखवता येईल. किती पुढचा विचार करतो.

१३ ऑक्टोबर

आज मतदान होतं, पण माझ्या डोक्यात फक्त दोरी.

बोर्ड आणि माणूस एकमेकांना बांधलेले पाहिजेत. माणूस पडला की वारा बोर्ड पळवतो. ब्रिगिटची दोरी घोट्याला बांधायची आहे. समुद्रात ते ठीक. आमच्या पाण्याखाली मात्र धरणात बुडालेल्या बाभळी उभ्या आहेत. म्हस्कू आबांची जाळी रोज फाटतात त्यांच्यावर. दोरी खुंटाला अडकली आणि पाय वर, डोकं खाली झालं तर घोट्यापर्यंत हात पोचणार कसा?

म्हणून दोरी कमरेच्या पट्ट्याला. पुढे एक लाल गोळा. गोळा ओढला की पट्टा सुटला पाहिजे, एका हाताने, डोळे मिटून. पुण्यातून तसे बक्कल आणले आणि शिरूरच्या चांभाराकडून पट्टे शिवून घेतले. आज विहिरीत उडी मारून मारून पट्टा सोडून बघितला. आई वरून ओरडत होती, "किती डाव मरतीस गं?"

बोर्डाखालचं पातंसुद्धा आखूड सांगितलंय. लांब असलं तर बोर्ड सरळ जातो, पण ते बाभळीत अडकतं. थोडं वाकडं गेलेलं चालेल.

१५ ऑक्टोबर

जाकिटं निवडली. चार नमुने आणले होते. एकात थर्माकोल, दाबलं की कुरकुर मोडतं. एक गळ्यापर्यंत वर सरकतं, माणूस खाली आणि जाकीट वर. शेवटी केशरी घेतलं. आत बंद फोम आहे, पाणी न पिणारा. ते घालून मी कमरेला आईचा वरवंटा बांधला आणि विहिरीत उतरले. तोंड पाण्याच्या वर राहिलं. दुपारभर पाण्यात टाकून ठेवलं, बाहेर काढून झटकलं, तेवढंच हलकं.

एकच बदल सांगितला. दोन मांड्यांमधून जाणारा एक काळा पट्टा शिवायचा, म्हणजे जाकीट वर चढणार नाही. दुकानदार हसला, "लंगोट लावताय का ताई?" लावते म्हटलं. असा पट्टा लावून मागणारं दुसरं गिऱ्हाईक त्याला आजवर भेटलं नव्हतं.

माल दादा आणणार आहे.

१९ ऑक्टोबर, भाऊबीज

दादाला ओवाळलं. त्याने ताटात केशरी जाकीट ठेवलं! काळ्या पट्ट्यासकट, वर शिट्टी बांधलेली. म्हणाला, "साडी काय, कुणी बी देतंय." वहिनी पण हसली. मला रडूच आलं.

बाकीची जाकिटं बैलगाडी ठेवायच्या छपरात ठेवलीत. त्यांना मांडीचा पट्टा नाही. दादा म्हणाला दुकानदाराकडे शिवायला वेळ नव्हता, दिवाळीचं गिऱ्हाईक, नंतर लावून देणार आहे. मी म्हटलं, एक तपासते. तो म्हणाला, "तुझंच तपास की. समदी एकाच पोत्यातली हायेत." लगेच वरवंटा घेऊन विहिरीत गेले. मस्त तरंगले.

८ नोव्हेंबर, रविवार

पहिली गिऱ्हाइकं! पुण्याहून दोन कुटुंबं. एक काकू बसूनच राहिल्या, उभ्या राहायला तयार नाहीत. पण बसल्या बसल्या धरणाच्या मध्यापर्यंत गेल्या आणि परत यायला तयार नाहीत. प्रगती आता माझी मदतनीस. सासूने परवानगी दिली, कारण दादाने स्वतः जाऊन शब्द दिला. ती जाकिटं घालून देते, पट्टे आवळते, लाल गोळा दाखवून म्हणते, "ह्यो तुमचा जीव. ह्याला इसरू नका."

दादाच्या ओळखीचे एक मच्छिंद्र शेठ आले होते. पलीकडच्या, श्रीगोंद्याच्या काठावर त्यांचं रिसॉर्ट होतंय. गळ्यात साखळी, पण बोलायला गोड. त्यांनी मला सगळं विचारलं. वल्हं किती लांब, बोर्ड कुठे बनवला, घोट्याला दोरी का नाही. मी तासभर समजावलं. कुणी इतकं मन लावून ऐकलं की किती बरं वाटतं. जाताना दादाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझी बहीण म्हंजी पुस्तक हाय रे."

१७ नोव्हेंबर

जाकिटं रविवारी भिजली, ती आज मंगळवारी पण ओली. आई म्हणाली, "गोधडीवानी जड झाल्यात." माझं वाळत घातलं त्याच संध्याकाळी कोरडं झालं होतं. दादाला विचारलं. म्हणाला, "तुझ्यावर ऊन हुतं, ती सावलीत हुती. नवं कापड हाय, पाणी धरतंच." असेलही. एक उसवून बघावं असं मनात आलं. मग वाटलं, भावाने आणलेल्या वस्तूला सुरी लावायची, हे काय मन म्हणायचं.

२२ नोव्हेंबर, रविवार

म्हस्कू आबा सांगत होते, पलीकडच्या काठाला पण उभ्या होड्या आल्यात. "जाकिटं बी तुमच्यावानी केशरीच. पायात काळं काय तरी बांधत्यात." मी दादाला सांगितलं, बघ, मच्छिंद्र शेठने माझं ऐकून मांडीचा पट्टा लावून घेतला, आणि आपला दुकानदार अजून लावत नाही. दादा म्हणाला, "सांगतो त्येला." मग म्हणाला डोकं दुखतंय, आणि जेवला नाही.

मला खरंच अभिमान वाटला. माझी वस्तू पाण्यापलीकडे गेली.

६ डिसेंबर

प्रगती बुडाली. जिवंत आहे. शिरूरला दवाखान्यात आहे.

७ डिसेंबर

लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल.

सकाळपासून गर्दी होती. प्रत्येक जाकीट दोन-तीन जणांनी घालून झालं होतं. दुपारी शेवटची गिऱ्हाइकं मी काठाजवळ घेऊन येत होते. प्रगती म्हणाली, "एक डाव मी एकटी जाऊन येती गं." आता तिला छान यायला लागलं होतं. खुंटीवरचं एक जाकीट तिने घातलं. ओलं होतं. "बर्फावानी लागतंय," म्हणून ओरडली आणि गेली.

वारा सुटला. ती बाभळींच्या बाजूला ढकलली गेली. मी लांबून बघितलं, ती पडली, दोरी अडकली, बोर्ड तिरपा झाला. मग तिने लाल गोळा ओढला. मी बघितलं तिने ओढलेला. पट्टा सुटला. मी मनात म्हटलं, शाब्बास, आता तरंग.

ती तरंगली नाही. जाकीट तिला खाली घेऊन गेलं.

मी वल्हं मारत होते, पण लांब होते. म्हस्कू आबा तराफ्यावर जवळच होते. त्यांनी तिच्या केसांत हात घातला. वर ओढताना ते जाकीट निघेना इतकं जड, म्हणून त्यांनी जाळ्याच्या सुरीने बंद कापले आणि ते पाण्यातच सोडलं. ते बुडालं. मी पोचले तेव्हा ती निळी पडली होती. काठावर पालथी घालून पाणी काढलं, श्वास दिला. एवढं पोहणं शिकवलं, पण हे कधी करायला लागलं नव्हतं.

दवाखान्यात तिची सासू मला बघून उठली. मी घाईत तशीच गेले होते, अंगात माझं जाकीट. ती त्याला धरून ओढत म्हणाली, "सवताला चांगलं घातलंस. आमच्या पोरीला त्ये चिंध्याचं गाठुडं? म्हस्कू आबा म्हणत हुतं, दगडावानी जड हुतं."

मी जाकीट काढून हातात घेतलं. काळा पट्टा सोडला तर तिचंही दिसायला अगदी असंच होतं.

८ डिसेंबर

आज सकाळी छपरातली जाकिटं एकेक उसवली. आत स्पंज. टीव्ही-फ्रीजच्या खोक्यात घालतात तसले तुकडे, रंगीबेरंगी, चुरगळून कोंबलेले. बादलीत टाकले. आधी तरंगले, मग हळूहळू पाणी पिऊन खाली गेले. आई शेजारी उभी होती. तिने काही विचारलं नाही. मला आत्ता लिहिताना लक्षात येतंय, तिने काहीच विचारलं नाही.

दादा कामावर गेलाच नव्हता. गोठ्यात बसला होता. मी मूठभर ओला स्पंज त्याच्या पुढ्यात टाकला.

"आपली जाकिटं कुठं आहेत?"

"धने, आवाज नगं."

"कुठं आहेत?"

"शेठला दिली." मग एकदम बोलायला लागला. "भागीदारीत घेतो म्हणला. मोकळ्या हातानं कोण घेतंय? त्येच्याकडं रस्ता हाय, खोल्या हायेत, एसी हाय. आपल्याकडं काय हाय? बैलगाडीचं छप्पर! चार म्हैन्यात मी तुला बी तिकडंच नेणार हुतो, शिकवायला. पगारावर."

"माझ्याच सामानावर? पगारावर?"

"तुला दुसरी आणली की. दिसाय सारखी हुती. पाण्यात पडत्यात किती जण गं? फोटू काढत्यात आन् जात्यात."

"मला तपासायला दिलंस ते?"

त्याने तो ओला स्पंज उचलून बाजूला ठेवला. "त्ये तुला ठिवलं हुतं. तू आत जाती पाण्यात. तुला काय व्हायला नगं म्हणून."

म्हणजे त्याला माहीत होतं. पाण्यात पडल्यावर काय होईल, ते दादाला नीट माहीत होतं.

९ डिसेंबर

ब्रिगिटचा बोर्ड घेऊन पलीकडे गेले. मधल्या पाण्यात एकदाही डोळ्यांपुढून ते निळं तोंड हललं नाही.

मच्छिंद्र शेठच्या काठावर खुंट्यांना आमची जाकिटं टांगलेली. काळे पट्टे वाऱ्यावर हलत होते. भोसरीच्याच फायबरवाल्याचे बोर्ड, बोथट टोक, मध्यावर मूठ. कामाची पोरं गिऱ्हाइकांना एका मोबाइलवर काहीतरी दाखवत होती. जवळ गेले तर माझा आवाज. "नवा माणूस हमखास उलटं धरतो." मीच बोलत होते, भोसरीच्या शेडमध्ये हसत हसत.

एका पोराने मला ओळखलं. "ताई, तुम्हीच ना ह्या?" म्हणाला. मी नाही म्हटलं आणि परत फिरले.

११ डिसेंबर

हवालदार उद्या जबाब घ्यायला येणार आहेत. दवाखान्याने कळवलंय. आण्णांनी सगळ्यांना पडवीत बसवलं. वहिनी दाराआड, मांडीवर धाकटा.

आण्णा म्हणाले, "धनश्री, जाकिटं तू पुण्यास्नं आणली म्हण. फसवलं म्हण दुकानदारानं. तुला म्हाईत नव्हतं म्हण. एवढंच."

मी म्हटलं, "आण्णा, मी नाही आणली."

"मला ठावं हाय."

"कधीपासून?"

आईने उत्तर दिलं. "दिवाळीपासनं. तुझ्या दादानं समदं सांगितलं हुतं. म्हणला, थोडं दिवस. आमाला काय ठावं, आसं हुईल."

सगळ्या घराला माहीत होतं. ओवाळणीच्या ताटात जाकीट आलं, वहिनी हसली, तेव्हाही. मी विहिरीत उड्या मारत होते आणि आई काठावरून ओरडत होती, तेव्हा नव्हतं माहीत. नंतर होतं. ओलं जाकीट हातात घेऊन ती "गोधडीवानी" म्हणाली होती. मला सांगत होती की सांगायचं टाळत होती? मला कळत नाही. ते विचारायचंही नाही.

आण्णा म्हणाले, "बिरदेवची नोकरी परमनंट हाय. पोलीस केस झाली तर कंपनी दारात उभी करायची न्हाई. दोन लेकरं हायेत. तुझं काय, उद्या लगीन झालं की नाव बदलतंय. नाव बदलल्यावर कोण इचारतंय, कोण हुती ती?"

माझ्यासाठी मेंढरं विकणारा माणूस हे बोलला. अगदी मायेने बोलला. तेच सहन होत नाही. रागाने बोलले असते तर भांडता आलं असतं.

दादाने जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी डोकं बाजूला केलं.

१२ डिसेंबर

जबाबाच्या आधी प्रगतीला भेटायचं होतं. सकाळच्या एसटीने शिरूर. ती उशीला टेकून बसली होती, आवाज घोगरा. सासू बाहेर गेली होती.

मी सगळं सांगितलं. स्पंज, शेठ, दादा, घर. ती ऐकत होती. माझा हात तिने सोडला नाही. शेवटी म्हणाली, "मला म्हाईत हाय."

"कसं?"

"तुझा दादा आला हुता परवा. रडला माझ्या पायाशी. दवाखान्याचं समदं बघतो म्हणला. आन् ह्यास्नी शेठच्या तिथं कायमचं काम लावलंय. सोमवारपास्नं." ती खिडकीकडे बघायला लागली. "ह्यास्नी कवाच काम लागत नव्हतं गं. तुला ठावं हाय ना."

"म्हणजे तू काय सांगणार आहेस?"

"ह्ये म्हणत्यात, धनश्रीनं दिलं जाकीट, एवढंच सांग. खोटं बी न्हाई त्ये. खुंटी तुझीच हुती."

मी हात काढून घेतला. ती म्हणाली, "रागावलीस?" मी म्हटलं, "तू मेली असतीस, प्रगती." ती म्हणाली, "मेले न्हाई ना पर."

परत येताना एसटीत उभी होते. जागा होती तरी बसले नाही.

हवालदार दुपारी आले. आईने चहा दिला. आण्णा बाजेवर. दादा खांबाला टेकून. हवालदार चांगला माणूस होता, म्हणाला, "ताई, घाबरू नका, सरळ सांगा. जाकिटं कुणी आणली?"

मी दादाकडे बघितलं. तो माझ्याकडे असं बघत होता, जसं लहानपणी आंबे चोरून आल्यावर बघायचा, सांगू नकोस हां. क्षणभर वाटलं, म्हणावं आपण आणली. काय जातंय. नाव तर बदलणारच आहे.

मग ते नाव डोक्यात आलं. धनश्री. ज्या बाईने केशरी जाकीट दुपारभर भिजवून बघितलं, ती. ती बाई स्पंज आणेल? ते माझ्याच्याने बोलवेना. माझ्यावर कसलाही आरोप ठेवा, पण मी वाईट सामान निवडलं असं मी माझ्या तोंडाने म्हणणार नाही.

"बिरदेवने आणली," मी म्हटलं. "माझा भाऊ. चांगली जाकिटं त्याने पलीकडच्या काठाला दिली. ती अजून तिथे टांगलेली आहेत. चला, दाखवते."

आईच्या हातातली कपबशी खाली पडली नाही, काही नाही. तिने ती नीट मोरीत नेऊन ठेवली. वहिनी आत रडायला लागली. हवालदाराने पेन खाली ठेवून विचारलं, "भावाच्या इरोधात सही करणार का?"

केली.

१८ डिसेंबर

घरात कुणी बोलत नाही. ताट मिळतं. दादाला कंपनीने घरी बसवलंय. मच्छिंद्र शेठने उभ्या होड्या बंद केल्या आणि प्रगतीच्या नवऱ्याला सोमवारी कामावर घेतलंच नाही. तिची सासू वस्तीवर येऊन आईला जे बोलली ते लिहीत नाही. प्रगतीने निरोप पाठवला नाही.

आज वहिनीने माझं अंथरूण बाहेर पडवीत आणून ठेवलं. मी कपडे भरले.

१० जानेवारी २०१०, रविवार

चौफुल्याजवळच्या केडगावात येऊन तीन आठवडे झाले. स्टेशनजवळ एक खोली मिळाली. सकाळच्या गाडीने पुण्याला जाते. आमचा तलाव पुन्हा सुरू झालाय आणि त्यांनी मला परत घेतलं. बायका विचारतात, सुट्टीत काय केलं. मी म्हणते, गावी होते.

आज दुपारी दारात आण्णा. डोक्याला मुंडासं, काखेत गुंडाळी. चौफुल्यावर उतरून चालत आले होते. मी पाणी दिलं. त्यांनी खोली बघितली. एक खिडकी, एक स्टोव्ह, भिंतीला तिरपा लावलेला बोर्ड. बोर्डाकडे बघून त्यांनी मान फिरवली.

"केस चालू हाय," म्हणाले. "वकील म्हणतो, सुटंल दंडावर."

"प्रगती?"

"हिंडती फिरती. खोकला हाय."

स्टेशनातून एक मालगाडी गेली, संपेपर्यंत आम्ही दोघंही ऐकत बसलो. ती संपल्यावर आण्णा म्हणाले, "तू खरं बोललीस, पोरी. म्या तुला खोटं बोलाय सांगितलं, त्ये पाप माझं."

मला वाटलं, आता म्हणतील, चल घरी. मी चपला कुठे आहेत ते बघितलंसुद्धा.

"पर आता घरी येऊ नगंस," ते म्हणाले. "बिरदेव हाय तवर तरी. त्येला बघवत न्हाई आन् मला त्येला सोडवत न्हाई."

काखेतली गुंडाळी त्यांनी कॉटवर ठेवली. घोंगडी होती, काळी, नवी. आमच्याच मेंढरांच्या लोकरीची, शेवटच्या कातरणीची. विणून कालच आली म्हणाले.

मी चहा ठेवते म्हटलं, तर गाडी चुकंल म्हणाले. स्टँडपर्यंत सोडायला गेले, कारण त्यांना गाडीवरची पाटी वाचता येत नाही. न्हावऱ्याची गाडी आली. मी कंडक्टरला सांगितलं, बाबांना वस्तीच्या फाट्याला उतरवा. ते खिडकीपाशी बसले. मी खाली उभी होते, हात वर केला तर पोचेल एवढ्या अंतरावर. गाडी सुटेपर्यंत ते समोरच्या सीटच्या दांडीकडे बघत होते.

परत आले. खोलीत थंडी होती. घोंगडी थोडा वेळ तशीच गुंडाळलेली राहू दिली. मग उलगडली आणि अंगावर घेतली.